पत्र्यात खणलेले रंग

कृष्णा रेड्डींचं मुद्राचित्र, म्हणजे खणलेल्या धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र, समोरून बघितलं की रंगच दिसतात. दाट, दाणेदार, एकात एक गुंतलेले. तेच चित्र कडेला उभं राहून, उजेड तिरका पडेल अशा बेताने बघावं. मग कागद सपाट नाही हे लक्षात येतं. कुठे तो फुगून वर आलाय, कुठे खाली दबलाय, कुठे केसाएवढी रेघ कागदावर वळासारखी उभी आहे. काचेच्या चौकटीआडूनही थोडंफार दिसतंच. पत्र्यात जी जागा सर्वांत खोल, ती कागदावर सर्वांत उंच. पत्र्यात जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे. म्हणजे पत्रा हा साचा, आणि आपण बघतोय ते त्यातून निघालेलं ओतकाम. फक्त ओतलाय तो धातू नाही, ओला कागद आहे.

हे एकदा दिसलं की त्यांच्या नावापुढे सगळीकडे लागणारं 'शिल्पकार आणि मुद्राचित्रकार' हे बिरुद खटकायला लागतं. त्यातला 'आणि' चुकीचा आहे. माध्यमं दोन दिसतात, काम एकच: खणणं. एका माध्यमातून दुसऱ्यात उडी मारणारे कलावंत पुष्कळ असतात. या माणसाने उडी मारलीच नाही. दगडातलं काम त्यांनी पत्र्यात चालू ठेवलं, आणि त्यातून रंगीत छपाईची एक आख्खी पद्धत निघाली.

जन्म १९२५ चा, आताच्या आंध्र प्रदेशातल्या चित्तूरजवळचं नंदनूर गाव. चाळीसच्या दशकात शांतिनिकेतन. तिथे नंदलाल बोस होते, आणि सिमेंट-खडीचा गिलावा थापून उघड्यावर शिल्पं उभी करणारे रामकिंकर बैजही होते. नंतर काही काळ मद्रासच्या 'कलाक्षेत्र' या संस्थेत कला विभाग सांभाळला. मग लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर, पॅरिसमध्ये ओसिप झादकिन, मिलानला मारिनो मारिनी. तिन्ही गावी गुरू शिल्पकारच. १९७२ मध्ये पद्मश्री, १९७६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मुद्राचित्रण शिकवायला गेले आणि न्यूयॉर्ककरच झाले. २०१८ मध्ये तिथेच वारले. यादी म्हणून हे चार ओळींत संपतं. त्यातली खरी गोष्ट पॅरिसमधल्या एका छापखान्यात घडली.

त्या छापखान्याचं नाव आतेलिये १७. स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज माणसाने १९२७ मध्ये पॅरिसला कार्यशाळा सुरू केली, आणि पुढे ज्या घरात ती हलली त्या घराचा क्रमांक तिला चिकटला. हेटर शिक्षणाने रसायन आणि भूगर्भ शास्त्रातले. इराणमधल्या आबादानला तेल कंपनीत नोकरी करून आलेले. त्यामुळे तेल, आम्ल आणि धातू यांची त्यांना भीती नव्हती. चित्रकार मीरो, शिल्पकार जाकोमेत्ती असे लोक तिथे येऊन काम करून गेले. महायुद्धात कार्यशाळा न्यूयॉर्कला गेली आणि १९५० मध्ये पॅरिसला परत आली. रेड्डी तिथे पोचले ते त्यानंतर लगेचच, आधी शिकणारे म्हणून. पुढे हेटर यांचे सहायक झाले आणि साठच्या दशकात सहसंचालक.

परदेशात राहणाऱ्या शिल्पकाराची एक साधी अडचण असते, ती कोणी लिहीत नाही. दगड घेऊन घर बदलता येत नाही. जस्ताचा पत्रा येतो. चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. बगलेत मारून जिना चढता येतो. रेड्डी पत्र्याकडे वळले ते याच कारणाने, असं म्हणायचं नाही. दगडही त्यांनी सोडला नव्हता: १९६४ मध्ये माँट्रियलच्या माउंट रॉयलवर भरलेल्या शिल्पकार मेळाव्यात त्यांनी मोठं शिल्प केलं. पण पत्र्यावर काम करताना हात छिन्नीचाच राहिला, आणि पुढचं सगळं त्या हातामुळे झालं.

पत्र्यात कोरून छापणं आपल्याकडे अगदीच परकं नाही. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात तांब्यावर गीता कोरून छापायची खटपट सुरू झाली होती, आणि १८०५ मध्ये मिरजेला ती खरोखर छापून निघाली. तत्त्व तेच: कोरलेल्या रेघेत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा, ओला कागद ठेवून दाबायचा. कागद रेघेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. काळी शाई असेल तर इतकंच. घोळ रंगापासून सुरू होतो.

जुना उपाय म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा. तीन रंग, तीन पत्रे, कागद तीनदा दाबायचा. ओला कागद दर दाबाला थोडा ताणतो, सुकताना थोडा आक्रसतो, आणि तिसऱ्या पत्र्याशी पोचेपर्यंत रेघा अर्ध्या मिलिमीटरने हुकतात. शिवाय पहिल्या दाबाने कागदावर उठलेले उंचवटे दुसरा दाब चेपून टाकतो. चित्रकाराला हे चालून जाईल. उंचवट्यासाठीच जीव टाकणाऱ्याला नाही. हेटर यांनी १९४६ मध्ये 'सँक पेर्सोनाज' या चित्रात काळ्या शाईने भरलेल्या पत्र्यावरच रेशमी जाळीतून तीन रंग चढवून सगळं एका दाबात छापलं होतं. एक दाब साधला, पण रंगाचा पत्र्याच्या खोलीशी काही संबंध नव्हता. रंग वरून टाकलेला होता.

तो संबंध पन्नासच्या दशकात जुळला, आणि जुळवणाऱ्यांत दोन नावं हिंदुस्थानातली आहेत. एक रेड्डी. दुसरे कैको मोती: १९२१ मध्ये मुंबईत जन्मलेले, आपल्या सर जे. जे. स्कूलमधून शिकून स्लेडला आणि तिथून पॅरिसला गेलेले, तेही शिल्पकलेतूनच आलेले. दोन रबरी रोलर, एक कडक, एक मऊ. आणि एकाच शाईत जवसाचं तेल कमी-जास्त. एवढ्या सामानावर एका पत्र्यातून, एका दाबात, एकमेकांत न कालवता तीन-चार रंग निघतात. इंग्रजीत ही पद्धत शाईच्या विष्यंदितेच्या, म्हणजे दाट-पातळपणाच्या नावाने ओळखली जाते, आणि बऱ्याचदा नुसती 'हेटर पद्धत' म्हणूनही. कार्यशाळा ज्याची, नाव त्याचं, असा तिथला व्यवहार. जागा, यंत्र, प्रयोगाची मोकळीक हेटर यांची होती हे खरंच, पण जे. जे. मधल्या मुलांनाही कैको मोतींचं नाव सांगावं लागतं, याला काय म्हणायचं?

आता प्रत्यक्ष काम. पत्रा जस्ताचा, १.६ मिलिमीटरचा. तांबं चालतं, पण महाग पडतं आणि खणायला जास्त वेळ खातं. चारही कडा कानशीने तिरप्या घासून घ्यायच्या, साधारण पंचेचाळीस अंशांत, आणि मग पॉलिश पेपरने गुळगुळीत. हा कंटाळवाणा भाग नवशिके टाळतात आणि पहिल्याच दाबात कागद आणि प्रेसवरचा नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, दोन्ही कापून घेतात.

मग पातळ्या. तीन धरू: वरची, मधली, तळाची. मेण, डांबर आणि राळेच्या लेपाने वरची पातळी झाकायची, मागची बाजूही झाकायची, आणि पत्रा आम्लात सोडायचा. एक भाग नायट्रिक आम्लाला आठ ते दहा भाग पाणी. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. सोनाराचं तेजाब ते हेच. जस्तावर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलके झटकत राहायचं, नाहीतर बुडबुड्याखाली पत्रा खाल्ला जात नाही आणि तळाला फोड उठल्यासारखं दिसतं. खोल खाणं लांबलं की द्रावण तापतं, आणि तापलं की आणखी जोरात खातं. मग पत्रा आम्लाच्या बशीतून काढून थांबावंच लागतं. धूर वाईट असतो. हल्ली पुष्कळ जण मोरचूद आणि मीठ वापरतात: लिटरभर पाण्यात साधारण ७५ ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच मीठ. द्राक्षबागेवर बोर्डो फवारणाऱ्याच्या घरात यातलं निम्मं सामान असतंच. धूर येत नाही, फक्त तांब्याचा लालसर गाळ साचतो, तो ब्रशने काढत राहायचं.

हवी तेवढी खोली आली की पत्रा धुवायचा, आता मधली पातळीही झाकायची, आणि उरलेलं पुन्हा खायला घालायचं. म्हणजे तळाची पातळी दोनदा खाल्ली जाते. खोली किती झाली हे घड्याळ सांगत नाही. धुतलेल्या पत्र्याच्या कडेवरून नख फिरवायचं. नख अडकलं पाहिजे. एकूण अर्धा मिलिमीटर खोली पुष्कळ होते.

इथे एक हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. आम्ल खाली जितकं खातं, जवळजवळ तितकंच लेपाखालून बाजूलाही शिरतं. अर्धा मिलिमीटर खोल जायचं असेल तर उंचवट्याच्या दोन्ही कडांकडून अर्धा-अर्धा मिलिमीटर जाणार. म्हणजे मिलिमीटरभर रुंदीचा उंचवटा बशीतच विरघळून गेला. ज्याच्या चित्रात बारीक जाळी आहे त्याने आम्लावर विसंबून भागत नाही. रेड्डींचं बरंचसं काम म्हणून हाताने झालं: ब्युरिन नावाच्या टोकदार कोरणीने कोरून, स्क्रेपरने खरवडून, आणि पुढे विजेवर फिरणाऱ्या बारीक घासणयंत्रांनी. लवचीक नळीच्या टोकाला फिरणारा दाता, दंतवैद्याकडे असतो तसा. मुद्राचित्रणाच्या सोवळ्यात तेव्हा हे बसत नव्हतं. शिल्पकाराला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हाताने खणण्याचा फायदा फक्त बारीकपणाचा नाही. आम्ल पायरी कापतं. स्क्रेपर उतार करतो. पायरीवर रंग तुटतो, उतारावर तो हळूहळू बदलतो. रेड्डींच्या चित्रात लाल निळ्यात जातो ती जागा बोटाने चाचपली तर तिथे उतार सापडेल. त्या उतारावर त्यांनी ठिपके, आडव्या-उभ्या चिरा, दाणे उठवलेले असतात. दाण्याच्या माथ्यावर एक रंग, पोटात दुसरा. दोन्ही शेजारी-शेजारी राहतात आणि मिश्रण आपल्या डोळ्यात होतं.

पत्र्यावर पहिली जाते ती रेघांतली शाई. ती घट्ट हवी. कापडाच्या बोळ्याने चोळून भरायची, खळ लावलेल्या जाळीदार कापडाने पुसायची, मग तळहाताला किंचित खडूची भुकटी लावून वरचा पत्रा स्वच्छ करायचा. ही शाई सैल असली तर पुढचे रोलर तीच उचलून सगळीकडे फासतात.

मग रोलर. कडक रोलर रबराचा कडकपणा सांगणाऱ्या शोर मापावर ५० ते ६० चा, मऊ रोलर २० ते २५ चा, बोटाने दाबला तर दबणारा. दोन्हींचा घेर पत्र्याच्या लांबीपेक्षा मोठा पाहिजे, कारण रोलर एकाच फेरीत पत्र्यावरून जायला हवा. पत्रा ३५ सेंटिमीटरचा असेल तर रोलरचा व्यास सव्वाअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी चालत नाही. बारा सेंटिमीटरचा घेतला तर घेर ३७.७ भरतो आणि हाताशी थोडं उरतं. लहान रोलरने दुसरी फेरी मारली की पहिल्या फेरीत रोलरवर चढलेलं चित्र पत्र्यावर पुन्हा उमटतं, भुतासारखं. हे मोठे रोलर महाग असतात, आणि बहुतेक कलाशाळांत ही पद्धत शिकवायची राहून जाते ती याच कारणाने. बाकी अडचण काही नसते.

शाई दोन तऱ्हेची कालवायची. पहिली पातळ: तीस ग्रॅम शाईला सात-आठ ग्रॅम कच्चं जवसाचं तेल घालून सुरुवात करावी, मग थेंबाथेंबाने वाढवावं. सुरी उचलली की तिची तार तुटता कामा नये, एकतारी पाकासारखी. दुसरी घट्ट: तेल नाही, लागलं तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट. ही सुरीवर चक्क्यासारखी बसून राहते, उलटी धरली तरी पडत नाही. पातळ शाई कडक रोलरवर पातळ थरात घ्यायची आणि पत्र्यावरून नुसत्या वजनाने फिरवायची, पुरणपोळी लाटताना हात हलका ठेवतात तसा. कडक रबर खाली वाकत नाही. फक्त वरच्या पातळीला लागतं. मग घट्ट शाईचा मऊ रोलर, जोर देऊन. तो खड्ड्यात शिरतो आणि मधल्या-तळाच्या पातळ्यांना रंग देतो. वाटेत तो वरच्या पातळीवरूनही जातोच. पण तिथे त्याचा रंग बसत नाही.

का बसत नाही? तेल आणि पाणी मिसळत नाही तसं काहीतरी आहे, असं लोक सांगतात. तसं नाही. दोन्ही शाया तेलाच्याच. रोलर उचलला जातो तेव्हा पत्रा आणि रबर यांच्यामध्ये शाईचे दोन थर असतात, आणि ओढ बसली की त्यातला जो कच्चा तो फाटतो. कच्चा थर पातळ शाईचा. म्हणून पातळ शाई मधोमध फाटते: थोडी पत्र्यावर राहते, थोडी रोलरला लागते, आणि घट्ट शाई रोलरवरची हलतच नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी घट्ट आणि तिच्यावर पातळ, तर पातळ शाई फाटून निम्मी खालच्यावर बसते आणि तिसरा रंग तयार होतो. हाही उपयोगाचाच आहे. मिसळायचं की नाही हे तेलाच्या चमच्याने ठरवता येतं.

तिसरा रंग हवा असेल तर कधी मधल्या कडकपणाचा आणखी एक रोलर, कधी काचेवर पसरलेल्या शाईवर पत्रा पालथा टेकवून फक्त माथ्यांना स्पर्श. आणि खूप खोल पण अरुंद चर असेल तर मऊ रोलरही तळाला पोचत नाही. तिथे रेघेतली शाई किंवा कोरा कागद राहतो. शेतातल्या पाटाचं पाणी खोलात आधी जातं, शाईचं उलट. ती खोलात शेवटी पोचते, आणि जागा रुंद असेल तरच.

स्थलांतरित कलावंताबद्दल लिहिताना हे न मिसळणारे रंग फार मोहात पाडतात. पाच देशांत राहिलेला माणूस, शेजारी राहून वेगळे राहणारे रंग. रूपक आयतं हाताशी येतं आणि म्हणूनच टाकून द्यावं. पत्र्यावरचे रंग वेगळे राहतात ते स्वभावाने नाही, तेलाच्या मापाने आणि खोलीमुळे. रेड्डी सगळ्या देशांत एकच गोष्ट शिकत राहिले: पृष्ठभाग किती आत न्यायचा.

बिघडतं ते असं. सगळ्या पत्र्यावर एकच मातकट रंग आला तर दुसरी शाई पुरेशी घट्ट नव्हती. खड्ड्यांत रंग धरलाच नाही तर कडक रोलरवर जोर पडला आणि पातळ शाई आत उतरली. रंगांच्या सीमेवर बारीक पांढरी किनार आली तर मऊ रोलर कोपऱ्यापर्यंत वाकला नाही. ती किनार पुष्कळदा चांगली दिसते, तेव्हा लगेच दुरुस्तीला धावू नये. पिवळा रंग हिरवट, पांढरा करडा पडला तर दोष शाईचा नाही, जस्ताचा आहे. जस्त फिके रंग मळवतं. त्यावर उपाय म्हणजे पिवळा अगदी शेवटी चढवायचा आणि पत्रा तसाच पडून राहू न देता लगेच छापायचा, किंवा पत्र्यावर दुसऱ्या धातूचा मुलामा.

सर्वांत फसवी गोष्ट हवा. तीच डब्यातली शाई मे महिन्यातल्या मुंबईत आपणहून सैल पडते आणि पॅरिसच्या जानेवारीत दगड होते. म्हणून कुठल्याही पुस्तकातलं तेलाचं माप जसंच्या तसं घेऊ नये, वर दिलेलंही नाही. वहीत माप लिहिताना शेजारी खोलीचं तापमान लिहावं. रेड्डींनी आपली पद्धत १९८८ च्या एका इंग्रजी पुस्तकात सविस्तर मांडली, पण ती हाताला यायला तुमच्या खोलीतल्या वीस-पंचवीस वाया गेलेल्या छापांना पर्याय नाही.

कागद जाड सुती हवा, २५० ते ३०० ग्रॅमचा. अर्धा तास पाण्यात, मग टीपकागदाच्या घड्यांत दाबून वरचं पाणी पूर्ण काढायचं. कागद स्पर्शाला गार लागला पाहिजे, ओला दिसता कामा नये. चकाकणारं पाणी राहिलं की त्या जागी रंग धरत नाही. प्रेसवर नमद्याचे तीन थर, खोल पत्र्याला मऊ नमदा पत्र्याकडच्या बाजूला. तरी कागद फाटतोच, कुठेतरी एखादी कड धारदार राहिलेली असते. ती कड शोधून स्क्रेपरने मोडायची. आणि हे सगळं, शाई भरण्यापासून, प्रत्येक प्रतीला नव्याने. एका प्रतीला तास गेला तरी आश्चर्य नाही. एवढी मेहनत ठाऊक नसणारे मुद्राचित्राला 'नुसती प्रत' म्हणतात, तेव्हा फार वाद घालू नये. त्यांना एकदा रोलर पुसायला बसवावं.

रेड्डींच्या चित्रांकडे आता वळलं तर त्यातले विषय पातळ्यांतूनच आलेले दिसतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीची चित्रं पाण्याची, लाटांची, अंकुरण्याची. १९६३ च्या 'भोवऱ्या'त पाण्याचं चित्र काढलेलं नाही. पत्राच भोवऱ्यासारखा खणत नेलाय आणि रंग त्या खणण्याच्या मागे गेलेत. मध्यभागाकडे सरकताना चिरा आखूड आणि दाट होतात, म्हणून तिथे निळ्या-काळ्याचं गणित बदलतं. रंग निवडून हा परिणाम साधलेला नाही, चिरांची दाटी बदलून साधलाय.

१९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यानंतरचं 'निदर्शक'. हात उंचावलेली माणसं, एकमेकांत मिसळून उभ्या रेघांचा समूह झालेली. इथे पाण्याची वळणं संपून पत्रा उभा चिरला गेलाय. आकृतीला बाह्यरेषा नाही. उंचवट्यांची एक रांग म्हणजे माणूस. पत्र्यातल्या उभ्या उंचवट्यांवर कडक रोलरचा रंग आणि मधल्या घळींत मऊ रोलरचा, एवढ्यावर गर्दी उभी राहते.

आणि मग न्यूयॉर्कमधले विदूषक, ऐंशीच्या दशकातले. मुलगी लहान असताना सत्तरच्या दशकात रांगणारं, उतरणारं मूल त्यांच्या पत्र्यात आलंच होतं; त्यानंतर सर्कस. 'ग्रेट क्लाऊन' मध्ये विदूषकाचं शरीर आणि भोवतालचं रिंगण एकाच जाळीचे भाग आहेत, कुठे माणूस संपतो आणि जाळी सुरू होते हे सांगता येत नाही. या एका पत्र्यातून त्यांनी कितीतरी निरनिराळ्या रंगांत छाप काढले. मुद्राचित्रात सगळ्या प्रती सारख्या हव्यात असा दंडक असतो, खरेदी करणाऱ्यांचाही आग्रह तोच. रेड्डींच्या दृष्टीने पत्रा वाद्यासारखा होता असं कोणी म्हणेल. पण दगडाच्या शिल्पाभोवती फिरताना ऊन बदलतं आणि शिल्प बदलतं, ते जास्त जवळचं वाटतं. पत्रा तोच, तेल बदललं, रोलरचा क्रम बदलला, की विदूषक कधी पिवळ्यातून वर येतो, कधी जांभळ्यात बुडतो. खणलेलं मात्र तसूभरही हललेलं नसतं.

साठच्या दशकातच आतेलिये १७ मध्ये अलीगढची झरीना हाश्मी शिकून गेली, पुढे तीही न्यूयॉर्कला स्थिरावली. तिने मात्र रंग जवळजवळ टाकून दिला. काळ्या रेघा, लाकडाचे ठसे, आणि कागदाचा लगदा साच्यात ओतून केलेली शिल्पं. वरवर पाहता दोघांत काही साम्य नाही. पण कागद ही ज्यावर छापतात ती वस्तू नसून ज्यातून ओततात तो माल आहे, हे रेड्डींच्या फुगलेल्या कागदापासून झरीनाच्या लगद्यापर्यंत एकाच वाटेने गेलेलं दिसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ मध्ये हेटर, रेड्डी आणि झरीना यांचं काम एकत्र मांडलं, ते रास्तच होतं.

छापून झाल्यावरचं काम राहतं. ओला छाप पाट्यावर कडेने चिकटपट्टीने ताणून सुकवायचा. वजनाखाली दाबला तर फुगलेला कागद पुन्हा चपटा होतो आणि सगळं मुसळ केरात. जवसाची शाई आठवडेच्या आठवडे ओली राहते, त्यामुळे छाप एकमेकांवर रचायचे नाहीत, बटर पेपर मध्ये घातला तरी नाही. पत्र्यावरची शाई आधी खाद्यतेलाने सैल करायची, मग रॉकेलने. रेघांमधली ब्रशने काढायची, कारण तिथे वाळलेली शाई पुढच्या वेळी रेघ बुजवते. पावसाळ्यात जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, म्हणून पत्रा ठेवताना व्हॅसलीनचा हात फिरवून कागदात गुंडाळायचा. पुसायच्या फडक्यावर मात्र तिन्ही रंग एकदम येतात आणि चिखलासारखा एकच रंग होतो. आणि रोलर टेबलावर टेकवून ठेवायचे नाहीत, दांड्यावर टांगायचे. मऊ रबर एका बाजूवर रात्रभर पडून राहिलं की तिथे सपाट होतं, आणि पुढच्या प्रत्येक चित्रात तो पट्टा कोरा येतो.